मदत हवी आहे : डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीला बरोबरीची मैत्रीण कशी मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी अकरा वर्षांची असून तिला डाऊन सिंड्रोम आहे. आम्ही नाशिकला राहतो आणि ती घराजवळच्या सर्वसाधारण मराठी शाळेत जाते. उपचार, थेरपी, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) यांविषयी मला काही विचारायचे नाही. त्या वाटा आम्ही धडपडत का होईना, चालून आलो आहोत. माझा प्रश्न केवळ मैत्रीपुरता आहे.

तिच्यावर माया करणाऱ्यांची आमच्याकडे उणीव नाही. सोसायटीतल्या मुली तिचा हात धरून तिला खाली नेतात, डब्यातला खाऊ देतात, कोणी चिडवले तर तिच्या बाजूने उभ्या राहतात. मात्र गेल्या महिन्यात तिच्याच वयाची एक मुलगी दारात येऊन मला म्हणाली, "काकू, मी आज हिला सांभाळू का?" पोर गुणी आहे आणि तिच्या बोलण्यात खोट अजिबात नव्हती, परंतु 'खेळायला येते का' असे न विचारता ती 'सांभाळू का' असे विचारते, हे त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

खेळातही तेच होते. लगोरी असो की पकडापकडी, माझी मुलगी कायमची लिंबूटिंबू. तिच्यावर राज्य येत नाही, ती बाद होत नाही आणि म्हणून ती असली काय नि नसली काय, डाव तसाच चालू राहतो. चौथ्या-पाचव्या वर्षी हे खपून गेले, कारण तेव्हा सगळ्यांचाच खेळ धावण्या-लपण्याचा होता. आता त्या मुली कट्ट्यावर बसून भराभर बोलतात, एकमेकींच्या नकला करतात, गुपिते सांगतात. माझ्या मुलीला समजते पुष्कळ, पण बोलता येते त्या मानाने कमी, आणि प्रश्न कानावर पडल्यापासून उत्तर ओठांवर येईपर्यंत तिला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात विषय पुढे सरकलेला असतो, नाहीतर तिच्या वतीने दुसरेच कोणी उत्तर देऊन टाकते. (यात मीही आलेच.) शिवाय डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांप्रमाणे तिच्याही कानात पडद्यामागे द्रव साचतो, त्यामुळे वाढदिवसाच्या गोंगाटात तिला अर्धेअधिक बोलणे ऐकूच येत नाही आणि ती कोपऱ्यात फुगे मोजत बसते. 'तिला एकटीला आवडते' असा लोकांचा समज होतो तो यातूनच.

एकदाच वेगळे घडले, ते मागच्या नवरात्रातल्या भोंडल्याला. पाटावरच्या हत्तीभोवती हात धरून फेर धरायचा, गाणी ठरलेल्या क्रमाने म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचे. तिसऱ्या दिवशी तिला क्रम पाठ झाला होता. चौथ्या दिवशी दुसरीच एक मुलगी गाणे चुकली आणि हिने तिला थांबवले. पुढे खिरापत ओळखताना हिने पहिल्याच झटक्यात "वाटली डाळ!" असे सांगितले, कारण ती आधीच शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात डोकावून आली होती. ते उघडकीला आल्यावर मुलींनी "चीटिंग केलीस!" म्हणून तिच्याशी कडाक्याचे भांडण केले. घरी येऊन ती रडली आणि मी मात्र मनातून सुखावले होते, कारण तिच्याशी कोणी बरोबरीने भांडण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्यावरून मी असा अंदाज बांधला की क्रम ठरलेला, वेगाची गरज नाही आणि हातांना काम आहे, असे काही असले की तिला लिंबूटिंबू व्हावे लागत नाही. म्हणून दिवाळीनंतर दर शनिवारी एकाच मुलीला पाऊण तासासाठी घरी बोलावू लागले. दोघी मिळून भेळ करायच्या. कृतीची चित्रे काढून मी फ्रिजवर चिकटवली होती, आणि कांदा कोणी घालायचा यावरून वादही होत. तीन शनिवार उत्तम गेले. मग त्या मुलीची शिकवणी सुरू झाली आणि ते बंद पडले. पुन्हा कोणाच्या दारात जाऊन 'तुमच्या मुलीला पाठवता का' असे विचारण्याचा मला संकोच वाटतो, कारण समोरच्या आईला ती उपकाराची मागणी वाटेल अशी भीती वाटते.

आणखी एक गोष्ट कबूल करते. तिच्यासारख्याच मुलांच्या गटात तिला नेणे मी अनेक वर्षे टाळले. 'सर्वसाधारण मुलांतच वाढली पाहिजे' हा माझा हट्ट होता, आणि त्यात तत्त्व किती नि लाज किती, हे आज मला नेमके सांगता येणार नाही. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणून 21 मार्च (21/3) हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन म्हणून पाळतात. यंदा त्या दिवशी एका पालकगटाच्या मेळाव्याला प्रथमच गेलो. तिथे तेरा वर्षांच्या एका मुलीशेजारी ही दीड तास बसली होती. एकीने विचारायचे, दुसरीने सावकाश उत्तर द्यायचे, आणि कोणालाच घाई नव्हती. ती मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. व्हिडिओ कॉल लावून दिला तर दोघी एकमेकींकडे पाहून नुसत्या हसतात आणि मिनिटभरात फोन ठेवतात.

आता नेमके विचारते. दूर राहणाऱ्या अशा दोन मुलींची मैत्री टिकावी म्हणून कोणी काय केले आहे? स्पेशल ऑलिम्पिक्स भारतच्या युनिफाइड प्रकारात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात खेळतात, असे मी वाचले आहे. त्यांतल्या बोचीसारख्या (लक्ष्याच्या जवळात जवळ चेंडू टाकण्याच्या) खेळात महाराष्ट्रात कोणाची मुले उतरली आहेत का, आणि ती ओळख मैदानाबाहेर टिकली का? जिम्नॅस्टिक्स आमच्यासाठी बाद आहे, कारण मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असण्याची शक्यता असल्याने डॉक्टरांनी कोलांट्या उड्यांना मनाई केली आहे. नृत्याच्या एका वर्गात विचारले तेव्हा 'अशा मुलांची बॅच निघाली की कळवू' असे उत्तर मिळाले. ती बॅच अद्याप निघालेली नाही.

मिठीचाही प्रश्न आहेच. ती वयात येऊ लागली आहे आणि भेटेल त्याला मिठी मारते. स्पीच थेरपिस्टनी एकात एक वर्तुळे काढून दिली आहेत : आतल्या वर्तुळात घरची माणसे म्हणजे मिठी, मधल्यात मैत्रिणी म्हणजे टाळी, बाहेरच्यात वॉचमनकाका आणि दूधवाले म्हणजे नमस्कार. घरात तिला हे तोंडपाठ आहे, पण जिना उतरताच ती विसरते. ज्यांनी हे बाहेरही रुजवले, त्यांना किती काळ लागला?

आणि सोसायटीतल्या मुलींशी तिच्याविषयी मोकळेपणाने बोलावे का? बोलले नाही तर त्या तिला बाळ समजतात आणि बोलले तर अधिकच सांभाळू लागतील, अशा पेचात मी आहे. विशेष शिक्षकांनी आणि भावंडांनीही लिहावे. ज्यांच्या वर्गात असा मित्र किंवा मैत्रीण होती, त्यांचे अनुभव तर मला फार हवे आहेत.

घटस्थापना तीन आठवड्यांवर आली आहे. यंदा पहिल्या दिवसाची खिरापत आमच्याकडे आहे आणि ती ओळखायला कोणाला कितीदा संधी द्यायची, हे ठरवण्याचे काम मी तिच्याकडे सोपवले आहे. त्यात काही भर घालता येईल असे सुचत असेल, तर कृपया त्याआधी सांगावे.