परदेशातला मुक्काम आणि एकाच गावाची दोन नावे

शहापूरकर
पुतणी शिक्षणासाठी नेदरलँड्सला निघाली आहे. तिला दाखवण्यासाठी मी माझी जुनी फाईल काढली आणि तिच्यात २०१६ साली तिथल्या नगरपालिकेने मला परत पाठवताना दिलेली चिठ्ठी सापडली. चार महिन्यांहून अधिक राहणाऱ्याने तिथे पोहोचल्यावर पाच दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी अपोस्टिल केलेला (म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारने प्रमाणित केलेला) जन्मदाखला लागतो. माझ्या पासपोर्टवर जन्मस्थान 'बेलगाम' होते. दाखला मात्र मी नव्याने काढलेला असल्यामुळे त्यावर 'बेळगावी' असे होते, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बदलले आहे. खिडकीपलीकडच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले, अक्षरांवरून पेन्सिलीचे टोक फिरवले आणि माझा जन्म नेमका कोणत्या गावी झाला, असे शांतपणे विचारले. नामांतराच्या अधिसूचनेची प्रत भावाने पाठवीपर्यंत तीन आठवडे गेले. नोंदणीनंतर मिळणारा नागरिक क्रमांक नसल्याने तोवर बँकेत खातेही उघडता आले नाही आणि सहकाऱ्याकडून उसने घेऊन घरभाडे भरावे लागले. पुतणीच्या फाईलमध्ये ती प्रत मी सर्वांत वर ठेवली आहे. परदेशात दीर्घकाळ राहिलेल्यांनी आपापले अनुभव लिहावेत, ही विनंती.

हुक्केरीचा
माझ्या वडिलांचा जन्म १९५२ चा, म्हणजे तेव्हा आपला भाग मुंबई राज्यात होता. त्यांच्या कागदांवर राज्यसुद्धा वेगळे आहे, त्यामुळे तुमचे तीन आठवड्यांत निभावले हे नशीबच म्हणायचे.

खानापूरची सून
आम्ही दुबईला घर मांडायला निघालो, तेव्हा सासूबाईंनी दोन किलो चटणी कुटून दिली होती. (बाहेरच्यांसाठी सांगते, कांदा-लसूण मसाल्याला आमच्याकडे चटणीच म्हणतात.) आदल्या रात्री साडेदहाला तिथल्या शेजारीणबाईंचा फोन आला, की अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ती सापडल्यास प्रकरण अमली पदार्थांच्या कायद्याखाली जाते. सासूबाई चाळणी घेऊन बसल्या, परंतु कुटलेल्या मसाल्यातून खसखस वेगळी निघणार कशी? शेवटी सगळी चटणी नणंदेकडे गेली. पहिले दोन महिने आमच्या आमटीला चव म्हणून नव्हती, आणि नणंद दर रविवारी फोन करून ती चटणी किती छान झाली आहे ते मला सांगत असे.

निपाणीकर
वहिनी, त्या चटणीत सुके खोबरेही असणारच. खोबऱ्यातील तेलामुळे ते पेट घेऊ शकते म्हणून चेक-इन सामानात चालत नाही. आईने ओटीत घातलेल्या खोबऱ्याच्या वाट्या मला विमानतळावरच काढून ठेवाव्या लागल्या होत्या.

गोकाकचा
खाण्याच्या पदार्थांविषयी ऑस्ट्रेलियाइतका काटेकोर देश मी पाहिलेला नाही. आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकताचा रोग असल्यामुळे दुधाची मिठाई तिथे नेता येत नाही, हे ठाऊक नसल्याने मी एक किलो कुंदा नेला होता. सुदैवाने विमानात दिलेल्या कार्डावर खाद्यपदार्थांपुढे 'होय' अशी खूण केली होती. त्यामुळे कुंदा गेला, पण दंड टळला. सुक्या मेव्याचा करदंट त्यांनी उलटून-पालटून पाहिला, हुंगला आणि परत दिला. कार्डावर खोटे लिहू नये, एवढे मात्र प्रत्येकाने पाळावे.

चिकोडीचे सर
मूळ मुद्दा कागदांचा आहे, म्हणून लिहितो. आपल्या मुलांची नावे मराठी शाळेत आडनावासह आणि इतर कार्यालयांत आद्याक्षरांसह लिहिली जातात. माझ्या धाकट्या भावाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळाच राहिला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली आणि त्याचे तिकीट वाया गेले. पासपोर्ट दुरुस्त होऊन येईपर्यंत त्याला थांबावे लागले. ज्यांचा रकाना मोकळा असेल त्यांनी घाई नसतानाच तो भरून घ्यावा.

टिळकवाडीची आजी
लेकीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेला गेले होते. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम किती करायचा हे विमानतळावर उतरल्यावर होणाऱ्या नोंदीतील तारखेवरून ठरते. मला सहा महिने मिळाले आणि जावयांनी ती तारीख फ्रिजवर चिकटवून ठेवली. इथला मिक्सर हट्टाने नेला, तो तिथल्या १२० व्होल्टवर नुसता गुणगुणत राहिला. डिंकाच्या लाडवांचे साहित्य मी हातानेच कुटले, खरं खालच्या मजल्यावरची धारवाडची सूनबाई आवाज ऐकून वर आली आणि पुढचे सहा महिने आमची कन्नडमध्ये गप्पांची सोय झाली.

शहापूरकर
आजी, 'पण'च्या जागी आलेल्या तुमच्या 'खरं'वरूनच तुम्ही बेळगावच्या हे ओळखू आले. भारतातील बँकेचे ओटीपी तिथे कसे मिळवता, हे कोणी सांगेल का? पुतणीचा तोच प्रश्न आहे.

जांबोटीचा
माझा अनुभव आदर्श नाही, तरी सांगतो. सिम बरोबर नेले आणि रोमिंग चालू ठेवले तर संदेश येतात, मात्र रिचार्ज चुकवू नये. माझे सिम तसे बंद पडले. नवे सिम गावी वडिलांच्या फोनमध्ये घातले. आमच्याकडे रेंज फक्त गोठ्यामागच्या चढावर येते, त्यामुळे मी कॅनडातून घरी फोन केला की आप्पा चप्पल घालून तिकडे निघतात. तिथे पोहोचल्यावर ते संदेश 'प्रिय ग्राहक'पासून वाचायला लागतात, आणि 'हा क्रमांक कोणालाही सांगू नका' ही ओळ आली की थांबून मला विचारतात, "सांगू का नको?"