सिलिकॉन बाहेरून फासू नका

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीच्या बल्कहेडमधून (काचेच्या भोकात पाइप बसवायचा नट-वॉशरवाला पीव्हीसी जोड) थेंब थेंब पाणी येतंय, तर बाहेरून सिलिकॉन लावा असं काही जण सुचवतात. कृपया तसं करू नका. पीव्हीसीला सिलिकॉन नीट धरत नाही, त्यात मागून पाण्याचा दाब. काही दिवसांत ते सुटतंच.

आधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधा. साचलेलं पांढरं मीठ गोड्या कोमट पाण्याने पुसा, सांधा कोरडा करा आणि त्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळा. तो आधी जिथे भिजेल तिथे दोष. पाणी पाइपावरून खाली ओघळतं, त्यामुळे मीठ जिथे दिसतं तिथेच गळती असेल असं नाही.

बल्कहेडचं रबरी वॉशर कॉलरच्या (जोडाच्या रुंद कडेच्या) बाजूला हवं, नटाच्या नाही. नट हाताने घट्ट करून वर जेमतेम पाव फेरा द्या. पान्याने जोर लावलात तर काच तडकेल. पाइप आट्यांनी बसवला असेल तर पाइपाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप पुरते. सॉल्व्हंटने (पीव्हीसी जोडायच्या द्रवाने) चिकटवलेला सांधा गळत असेल तर तेवढा तुकडा कापून नवाच बसवा, पंप बंद करून आणि पाइप पूर्ण कोरडा करून.

आणि पितळी क्लॅम्प किंवा नळ अजिबात नको. त्यातलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि कोळंबी, प्रवाळ मरतात.