मदत हवी आहे: त्रिनिदादमधील बालपणाचे आत्मकथन वाचकांपर्यंत कसे पोहोचवावे?

टोरोंटोतील आमच्या कार्यालयातल्या एका ज्येष्ठ बाईंनी त्रिनिदादमधील आपल्या बालपणाविषयी इंग्रजीत आत्मकथन लिहून ते स्वखर्चाने छापले आहे. उसाच्या मळ्यालगतची मजूरवस्ती, वडिलांचे रमचे व्यसन, आई कामासाठी परदेशी गेल्यावर आजीने केलेला सांभाळ आणि शाळा सुटू नये म्हणून लहान वयात उपसलेले कष्ट, हे सारे त्यांनी कुणावरही राग न धरता मांडले आहे. 1845 ते 1917 या काळात भारतातून तेथे नेलेल्या करारबद्ध मजुरांच्या त्या वंशज आहेत. म्हणूनच हे पुस्तक आपल्याकडेही वाचले जावे, असे मला मनापासून वाटते.

30 मे रोजी त्रिनिदादमध्ये भारतीय आगमन दिनाची सुट्टी असते. त्या सुमारास टोरोंटोत अभिवाचन ठेवावे, की त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेन शहराच्या बोकास साहित्य महोत्सवाशी आधी संपर्क साधावा? परीक्षणासाठी प्रती कोणाला पाठवाव्यात? जाहिरातीत दुःखाचे भांडवल होऊ नये, ही लेखिकेची अट आहे आणि ती मला सर्वस्वी योग्य वाटते. स्वप्रकाशित पुस्तक ग्रंथालयांत पोहोचवण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.