कॅम्परचा पाण्याचा पंप इंजिन चालू असेल तरच चालतो, बंद केलं की नुसता गुरगुरतो

ट्रॅव्हलरवाला
मंडळी मदत हवीय. मागच्या वर्षी जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन घरच्या घरी कॅम्पर केली, सुतारकाम वायरिंग सगळं मी आणि धाकट्या भावानं मिळून. मागं १०० एएचची (अँपिअर-अवर) वेगळी बॅटरी आहे, गाडी चालू असली की ती रिलेतून (आपोआप जोडणाऱ्या स्विचमधून) चार्ज होते. बाकाखाली ७० लिटरची टाकी आणि शेजारी १२ व्होल्टचा डायफ्रामवाला पंप, तोच ज्याच्या तोंडाशी प्रेशर स्विच असतो, नळ उघडला की आपोआप सुरू होणारा. पावसाळ्याआधी मस्त चालायचा. परवा गुहागरला मुक्काम होता, संध्याकाळी आंघोळीला बसलो, डोक्याला साबण फासला आणि पाणी गेलं. पंप नुसता गुर्रर्र करतोय आणि धार करंगळीएवढी. तेवढ्यात भावानं मोबाइल चार्जिंगसाठी इंजिन सुरू केलं तर पंप एकदम ताळ्यावर! इंजिन बंद की परत रडगाणं. मीटरनं पंपाशी बघितलं तर १२.६ व्होल्ट, बॅटरीवरही १२.६. म्हणजे सप्लाय पूर्ण येतोय ना, मग पंपच गेला का? नवीन घ्यायचा तर चार-पाच हजारांची फोडणी आहे, म्हणून आधी विचारतोय.

कोकणी_चाक
खारी हवा रे भावा, मोटरचे ब्रश गेले असणार. माझा पण असाच गेला होता. तोवर काम भागवायचं तर फ्यूज मोठा टाकून बघ, १० चा असेल तर ३० चा टाक, जास्त ताकद मिळेल.

वायरमनकाका
३० चा फ्यूज अजिबात टाकू नका हो! फ्यूज मोठा केल्यानं ताकद मिळत नाही, फक्त वायर जळायची सोय होते. फ्यूज असतो तो वायरच्या रक्षणासाठी. आणि गाडीत सगळीकडे प्लायवूड आणि फोम, विचार करा.

ट्रॅव्हलरवाले, पंपाला लगेच दोष देऊ नका. इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर १४ च्या वर व्होल्टेज जातं, तेव्हा चालतो म्हणजे मोटर जिवंत आहे, तिला पुरेसा खुराक मिळत नाहीये एवढंच. तुम्ही १२.६ मोजलं तेव्हा नळ बंद होता की उघडा? बहुतेक बंद. अहो पाइपात अर्धा कचरा अडकला असला तरी नळ बंद असताना प्रेशर पूर्णच दाखवतं, उघडला की कळतं किती येतंय ते. वायरचंही तसंच. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे तांब्याची एक तार जरी धड राहिली असली तरी तो १२.६ दाखवणार. म्हणून मी खिशात इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी लावून ठेवतो, तो पावणेदोन अँपिअर ओढतो आणि वायर खोटं बोलत असेल तर मंद पेटतो, मीटरपेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास.

आता असं करा. नळ पूर्ण उघडा, पंप चालू राहू दे, आणि तो धडपडत असतानाच मोजा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर. मग पंपाच्या दोन वायरींवर. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी पंपाच्या प्लसवर, आणि शेवटी बॅटरीच्या मायनसवरून पंपाच्या मायनसवर. शेवटच्या दोन्ही ठिकाणी जवळपास शून्य यायला हवं. जिथं मोठा आकडा येईल तिथं चोर. वायर कुठली, किती जाड, निगेटिव्ह कुठं नेलाय तेही लिहा.

लीड्सकर
मी इंग्लंडात, आमच्याकडे जुनी मोटरहोम आहे. आमच्यात टाकीत बुडवायचा छोटा पंप आहे आणि नळाच्या मुठीतच मायक्रोस्विच, नळ फिरवला की स्विच लागतो. तो स्विच ओला होऊन गेला की एकाच नळाला पाणी येत नाही, बाकी नळ चालतात. तुमच्याकडे सगळ्याच नळांना त्रास आहे ना? आणि तुमचा प्रेशरवाला आहे म्हणजे नळात वायर नाहीच, तेवढी डोकेदुखी कमी.

ट्रॅव्हलरवाला
हो सगळ्याच नळांना, म्हणजे दोनच आहेत म्हणा. काका, मोजलं आणि डोळे उघडले. नळ उघडा असताना:
बॅटरीवर १२.४
पंपाशी ८.१ (!!)
प्लस ते प्लस १.२
मायनस ते मायनस ३.१
वायर १ स्क्वेअरची (म्हणजे १ चौरस मिमी जाडीची), बॅटरीपासून पंप साधारण ७ मीटर. निगेटिव्ह वेगळा नेलाच नाही, बाकाच्या रेलच्या नटाला बॉडी अर्थ दिलाय, म्हणजे परतीचा करंट गाडीच्या पत्र्यातूनच जातो. फ्यूज पंपाजवळ आहे, १० चा. त्याचा होल्डर हाताला कोमट लागतोय.

वायरमनकाका
सापडला की. १.२ आणि ३.१ मिळून ४.३, आणि १२.४ मधून ८.१ गेले तरी ४.३च, हिशोब तंतोतंत. तीन व्होल्ट त्या नटावर खाल्ले जातायत. तो नट उघडून बघा, खाली रंग किंवा गंज असणार, फोटो टाका.

प्लसकडचा १.२ पण काही कमी नाही. १ स्क्वेअरच्या तांब्याला दर मीटर लांबीला साधारण ०.०१८ ओहम धरा, ७ मीटरला साधारण ०.१२५ ओहम, आणि असा पंप ६ अँपिअर ओढतो म्हणजे पाऊण व्होल्ट नुसत्या वायरीतच. उरलेला तो कोमट होल्डर खातोय.

दुरुस्ती: ४ स्क्वेअरची लाल-काळी जोडी थेट बॅटरीपर्यंत न्या, अंतर एवढं असेल तर बॉडीवर भरवसा नको. थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) क्रिंपिंगच्या हत्यारानं नीट दाबून बसवा, पक्कडीनं चेपून टेप गुंडाळू नका. आणि फ्यूज पंपाजवळ असून काय उपयोग, बॅटरीपासून मधल्या ७ मीटरवर शॉर्ट झाला तर तो वाचवणार कसा? फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर लावा. काम करताना बॅटरीचा मायनस आधी काढा.

ट्रॅव्हलरवाला
नट उघडला. मीच रंगवलेला रेल, रंग न खरवडता वॉशर दाबला होता, आतल्या तारेला हिरवा कळंक आणि थिंबल बोटानं ओढली तर हातात आली. भाऊ म्हणतो तुझं काम, तू माझं म्हण, सध्या घरात तोच विषय.

काल फक्त मायनसची नवीन वायर ओढली (प्लससाठी दुकानात लाल संपली होती), तेवढ्यानंच मायनसकडचा ३.१ चा ०.२ झाला. पंपाशी ११.० आले आणि इंजिन बंद असताना नळाला सोंड सोडल्यासारखी धार! आज लालपण टाकली, फ्यूज बॅटरीजवळ नेला, आता नळ उघडा असताना ११.९. आवाजच बदलला पंपाचा, आधी कण्हत होता.

कोकणी_चाक
माझा पंप अजून घरी पडलाय, फेकला नाही. उद्या सरळ बॅटरीला जोडून बघतो, चांगला निघाला तर कुणाला सांगू नका 😅

ट्रॅव्हलरवाला
😂 काका एक शेवटचं. रात्री सगळे झोपल्यावर पंप मधेच एकदा "टर्र" करून थांबतो, परत पाऊण तासानं टर्र. नळ घट्ट बंद आहेत. वायरिंगमध्ये अजून काही राहिलं का?

वायरमनकाका
वायरिंग नाही ते. पाण्याचं प्रेशर हळूहळू उतरतंय, स्विचनं ठरवलेल्या खाली गेलं की पंप परत भरतो. कुठंतरी ठिपका गळतोय किंवा पंपातला वाल्व पाणी टाकीत मागं सोडतोय. सगळ्या जॉइंटना कोरडा टिश्यू गुंडाळून ठेवा, सकाळी जो ओला तो दोषी. सगळे कोरडे निघाले तर वाल्व उघडून धुवा, टाकीतली कचकच अडकलेली असते बऱ्याचदा. आणि झोपताना पंपाचा मेन स्विच बंद करा हो, एखादा पाइप सुटला तर ७० लिटर अंथरुणात येईल.

ट्रॅव्हलरवाला
टिश्यू: बेसिनखालची क्लिप ओली.