सिनेगॉग उघडायचं आहे, पण दहा माणसं सुरक्षित कशी आणायची? सल्ला हवा

इस्रायल_आळी | १५ नोव्हेंबर २०२०, सकाळ

नमस्कार मंडळी, शालोम.

उद्या पाडव्यापासून राज्यातली प्रार्थनास्थळं उघडणार, हे काल जाहीर झालं. आम्ही बेने इस्रायल (मराठी ज्यू), रायगड जिल्ह्यातल्या एका गावचे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या सिनेगॉगला (जुनी माणसं अजून मशीदच म्हणतात) मार्चमधल्या पुरीम सणानंतर जे कुलूप लागलं ते अजून निघालेलं नाही. पेसाहचा सण घरात झाला, रोश हशाना (आमचं नवं वर्ष) घरात झाला. योम किप्पूरला (उपवासाच्या दिवशी) मी आणि पप्पा दोघंच दिवसभर पुढच्या खोलीत पश्चिमेकडे तोंड करून बसलो होतो.

आता अडचण सांगतो. आमच्यात सामूहिक प्रार्थनेला मिन्यान लागतं, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. त्याशिवाय कद्दीश (मृतांसाठी म्हणायची प्रार्थना) म्हणता येत नाही, सेफर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) काढून वाचता येत नाही. गावात आम्ही असे पंधरा पुरुष आहोत. त्यातले आठ पासष्टच्या पुढचे, आणि नियमावलीत लिहिलंय की पासष्टवरच्यांनी आणि आधीचे आजार असलेल्यांनी घरीच राहावं. उरले सात. मुंबईहून दोघं-तिघं यायला तयार आहेत.

माझा मामा ऑगस्टमध्ये कोविडने गेला. दफनाला आम्ही सहा जण होतो. मामेभावाला अजून एकदाही मिन्यानमध्ये कद्दीश म्हणता आलेला नाही. तो रोज विचारतो. म्हणून येत्या शब्बाथला (शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी), २१ तारखेला, उघडावं असं कमिटीचं म्हणणं आहे. हॉल जुना, कौलारू, उंच छताचा. दोन्ही बाजूंना खिडक्या, वर बायकांचा सज्जा. पुढे बऱ्यापैकी अंगण, त्याला कंपाउंडची भिंत. काय करावं, काय टाळावं, आणि पुस्तकं, किद्दुश (पेल्यावर म्हणायची प्रार्थना), हातबोशी यांचं काय, ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

तांबडी_माती | १५ नोव्हेंबर, दुपार

हातबोशी म्हणजे काय?

इस्रायल_आळी | १५ नोव्हेंबर, दुपार

प्रार्थनेनंतर वडीलधारे दोन्ही हात पुढे करतात. समोरचा ते आपल्या हातांत घेतो आणि मग दोघंही आपापली बोटं ओठांना लावतात. असं एकाकडून दुसऱ्याकडे सगळ्या हॉलभर जातं. आमच्याकडे शब्बाथची खूण तीच. मेझुझालाही (दाराच्या चौकटीवरची प्रार्थनेची डबी) हात लावून ओठांना लावतो. सेफर हेखालमधून (ते ठेवायच्या कपाटातून) बाहेर आलं की त्यालाही. सगळं हाताचं आणि तोंडाचं.

श्वास_आणि_वारा | १५ नोव्हेंबर, रात्र

मी छातीविकारांची डॉक्टर आहे, ठाण्यात. एप्रिलपासून कोविड वॉर्डात काम करते आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बहुतेक संस्था सगळा पैसा फवारणीवर आणि सॅनिटायझरच्या बोगद्यांवर घालवतात. तसं करू नका. माणसांवर फवारा मारून काहीच साधत नाही, उलट डोळ्यांना आणि त्वचेला त्रास होतो. हात धुवायला नळ आणि साबण ठेवा, तेवढं पुरे. खरा धोका हवेतून आहे. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून तेच सांगितलं आणि ऑक्टोबरात अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनेही मान्य केलं. बंद जागेत मोठ्याने म्हटलं, गायलं की हे सगळ्यात वाईट. वॉशिंग्टन राज्यात १० मार्चला एका गायनवृंदाने अडीच तास सराव केला. ६१ जण आले होते, ५३ आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला. त्यांनी हस्तांदोलनही टाळलं होतं.

तुमच्या प्रार्थना गाऊन म्हणतात हे मला माहीत आहे, आमच्या शेजारी एक बेने इस्रायल कुटुंब होतं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की हॉल विसरा आणि अंगणात बसा. नोव्हेंबर आहे, पाऊस गेलाय, सकाळी ऊनही सोसवतं. मांडव घालायचा असेल तर वर फक्त कापड, चारही बाजू मोकळ्या. ताडपत्रीने तीन बाजू बंद केल्या तर तो हॉलच झाला. हझ्झान (प्रार्थना चालवणारे) एकटे म्हणतील, बाकीच्यांनी मनात किंवा अगदी हळू. हझ्झाननी सगळ्यांपासून निदान दहा-बारा फूट लांब उभं राहावं, मास्क लावूनच. मास्क नाकावर हवा. झडपेचा एन-९५ नको, त्यातून सोडलेला श्वास गाळला जात नाही.

आत जावंच लागलं तर सगळ्या खिडक्या उघड्या, पंखे चालू आणि वेळ निम्मा. बायकांना वरच्या सज्जात बसवू नका. खालची गरम, वापरलेली हवा वरच जाते आणि तिथून बाहेर पडायला बहुधा वाट नसते. त्यांच्यासाठी अंगणातच वेगळा भाग करा.

मुंबईहून येणाऱ्यांबद्दल: अंगणातली तासाभराची प्रार्थना तितकी धोक्याची नाही. ते शुक्रवारी येऊन कुणाच्या तरी घरी राहतील, आजी-आजोबांबरोबर जेवतील, त्याच खोलीत झोपतील, ते धोक्याचं. येऊ नका म्हणून सांगा. वाईट वाटेल, तरी सांगा.

बेरशेवाची_मावशी | १६ नोव्हेंबर, पहाट

शालोम बाळा. तुझ्या मामाला गान एदेन (स्वर्ग) लाभो.

आम्ही १९७१ साली पनवेलहून इथे इस्रायलला आलो. या वर्षी रोश हशानाच्या पूर्वसंध्येला, १८ सप्टेंबरला दुपारी दोन वाजता देशभर दुसऱ्यांदा टाळेबंदी लागली. सणाच्या ताटात सफरचंद आणि मध मांडत असताना बाहेर पोलिसांची गाडी पुकारा करत होती. सध्या इथे आत दहा आणि बाहेर वीस माणसांची मर्यादा आहे. आमचं मिन्यान इमारतीखालच्या गाड्या लावायच्या जागेत भरतं. प्रत्येकाने आपली खुर्ची, आपला सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक), आपला तल्लीथ (प्रार्थनेची शाल) आणायचा. सिनेगॉगचं पुस्तक कुणी कुणाला देत नाही.

शोफार (शिंगाचं वाद्य) रोश हशानाच्या दुसऱ्या दिवशी वाजवला, कारण पहिला दिवस शब्बाथ होता. वाजवणारा फाटकापाशी उभा राहिला, शोफारच्या रुंद तोंडावर कापडी मास्क बांधला होता आणि तोंड रस्त्याकडे होतं. माझ्या म्हाताऱ्याने चौथ्या मजल्यावरून ऐकला.

आता महत्त्वाचं. शुल्हान आरूख या आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथात, ओराह हाइम ५५:१४ मध्ये असं आहे की सिनेगॉगच्या मागे जो उभा आहे आणि मध्ये खिडकी आहे, ती कितीही मजले उंच असो, त्याने तिथून आपला चेहरा दाखवला तर तो दहांत धरला जातो. गेल्या वसंतात इथे गच्ची-गच्चीवरून मिन्यान झाली तेव्हा रब्बींनी (धर्मगुरूंनी) याचाच आधार घेतला. तुमच्या सिनेगॉगला लागून कुणा वडीलधाऱ्यांची घरं आहेत का? मध्ये रहदारीचा रस्ता असेल तर वेगळा प्रश्न येतो, म्हणून तुमच्या ओळखीच्या रब्बींना जागेचा नकाशा काढून पाठव आणि विचार. स्वतः ठरवू नकोस.

फोनवर, झूमवर मिन्यान आपल्या पद्धतीत होत नाही आणि शब्बाथला तर प्रश्नच नाही. अमेरिकेत काही पंथांनी अडचणीच्या काळापुरती परवानगी दिली आहे. तुझा मामेभाऊ त्यासाठी तळमळत असेल तर त्याला सांग, वडिलांच्या नावाने रोज थोडं मिश्ना (आपला जुना धर्मग्रंथ) वाच, दान दे. तेही पोचतं.

तेबा_समोर | १६ नोव्हेंबर, दुपार

मला स्पष्ट लिहायचं आहे. आठ महिने झाले. माणसं बाजारात जातात, बँकेत रांगा लावतात, मग देवाच्या दारात तासभर आली तर काय होतं? आमच्या वडिलांच्या पिढीने प्लेगमध्येही प्रार्थना सोडली नाही. मोठ्यांना मास्क लावून येऊ द्या. दहा झाले नाहीत तर उघडून उपयोग काय?

इस्रायल_आळी | १६ नोव्हेंबर, रात्र

दादा, तुमची कळकळ समजते. माझ्याही घरी हेच चाललंय. पप्पा ७४ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे. काल म्हणाले, "नऊ झाले आणि मी घरी बसलो तर मी कुठल्या तोंडाने राहू?" मला त्याचीच भीती वाटते. आमच्यासारख्या छोट्या जमातीत दहाव्या माणसाला घरून उठवून आणायची सवय आहे. ताप असला तरी तो येतो, कारण त्याच्यावाचून बाकीच्या नऊ जणांचा कद्दीश अडतो. एरवी हे आमचं भूषण आहे. या वर्षी त्यानेच कुणाचा तरी जीव जाईल.

बेरशेवाची_मावशी | १७ नोव्हेंबर, पहाट

तेबा_समोर भाऊ, जुनी माणसंही असंच वागली नाहीत हो. १८३१ साली युरोपात पोझेनला कॉलरा आला तेव्हा रब्बी अकिवा एगर यांनी लिहिलं होतं की लहान जागेत गर्दी करणं बरोबर नाही, पंधरा-पंधरा जणांच्या गटांनी पहाटेपासून आळीपाळीने प्रार्थना करा. पिकुआह नेफेश, जीव वाचवण्यासाठी शब्बाथसुद्धा मोडावा लागतो. मिन्यान तर त्याच्या पुढे काहीच नाही.

शुक्रवारचा_दिवा | १७ नोव्हेंबर, दुपार

आमच्याकडेही (मुंबई) याच आठवड्यात उघडायची तयारी चालू आहे. शब्बाथमुळे काही गोष्टी इतर प्रार्थनास्थळांपेक्षा वेगळ्या पडतात आणि त्या कुठल्याही सरकारी कागदात नाहीत.

नोंदवही शब्बाथला लिहिता येत नाही. पण उद्या कुणाला लागण झाली तर कोण कोण आलं होतं हे कळायला हवं. म्हणून शुक्रवारी दुपारपर्यंत फोनवर नावं घ्यायची, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी करून दाराशी टेबलावर मांडायची. आला की त्याने आपली चिठ्ठी उचलून डब्यात टाकायची. शनिवारी रात्री हव्दालानंतर (शब्बाथ संपल्याच्या प्रार्थनेनंतर) डबा उघडून नोंद करायची.

तापमापकाची बंदूक शब्बाथला आपण चालवायची नाही. आमचे वॉचमन यहुदी नाहीत, पण त्यांना ऐनवेळी करायला सांगणंही योग्य नाही. त्यांच्या नेहमीच्या कामात ते आधीपासून बसवून घ्या किंवा रब्बींना विचारा. तसंही, ताप नसलेला माणूसही लागण देऊ शकतो. घरात कुणालाही ताप, खोकला, चव गेली असेल तर येऊ नये, हे शुक्रवारच्या फोनवरच विचारणं जास्त कामाचं.

तोंडावर लावलेला मास्क पेहरावात येतो. खिशातला जादा मास्क मात्र वाहून नेणं झालं, आणि बाहेर रस्त्यावर तसं शब्बाथला चालत नाही. जादा मास्क शुक्रवारीच सिनेगॉगमध्ये नेऊन ठेवा. पुस्तकं, खुर्च्या, तल्लीथचंही तेच. प्रत्येकाची पिशवी, नावासकट, शुक्रवारी सकाळी पोचवा.

आणि हे कृपया विसरू नका: अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर हाताला लावून लगेच शब्बाथचे दिवे लावू नका. हात पूर्ण कोरडे होऊ द्या, बाटली दिव्यापासून लांब ठेवा. १० डिसेंबरच्या संध्याकाळपासून हनुका (दिव्यांचा सण) आहे, घरोघर लहान मुलं दिवे लावतील. दिव्याआधी फक्त साबण-पाणी.

अलियाला (सेफरच्या वाचनासाठी) बोलावलेल्या माणसाने तेबावर (वाचनाच्या मंचावर) चढायचं नाही. आपल्या जागेवरून बेराखा (आशीर्वादाचे शब्द) म्हणायची, वाचणारा एकटा वाचेल. सेफर सगळ्यांमधून फिरवायचं नाही, थेट तेबावर न्यायचं आणि परत. लांबून तल्लीथचं टोक दाखवून ओठांना लावलं तरी मान राहतो. किद्दुशचा एकच पेला फिरवायचा नाही. काळ्या मनुकांचं सरबत प्रत्येकाने आपल्या घरी करावं, किद्दुश घरीच म्हणावा. शेवटी ओट्यावर रेंगाळून होणाऱ्या गप्पांचं तेवढं बघा. सगळे नियम पाळून झाल्यावर माणसं तिथेच मास्क खाली ओढतात.

निर्मळची_वाट | १७ नोव्हेंबर, रात्र

वसईहून लिहितोय, आमच्या चर्चच्या कमिटीत आहे. तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर आमचाही खूप खल झाला. आम्ही ठरवलंय की मागच्या रांगेपासून एकेक रांग बाहेर सोडायची आणि दोन स्वयंसेवक फक्त फाटकाशी उभे करायचे. तुमच्या मामेभावासाठी प्रार्थना करतो.

श्वास_आणि_वारा | १८ नोव्हेंबर, सकाळ

शुक्रवारचा_दिवा, चिठ्ठ्यांची पद्धत फार आवडली. आमच्या इमारतीच्या गणपतीत असं काही असतं तर माझी कितीतरी फोनाफोनी वाचली असती.

इस्रायल_आळी, पप्पांना घरी ठेवा. ७४ आणि मधुमेह म्हटल्यावर यात मला दोन मतं दिसत नाहीत. ओटीवर खुर्ची टाकून बसू द्या.

इस्रायल_आळी | २२ नोव्हेंबर, सकाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहितो.

मावशींच्या सांगण्याप्रमाणे नकाशा काढून रब्बींना पाठवला. कंपाउंडला लागून दोन घरं आहेत, मध्ये रस्ता नाही. एका घरात दोघं भाऊ, दोघंही ऐंशीच्या घरातले. दुसरं आमचं. त्या घरांच्या मागच्या खिडक्या आणि आमची ओटी अंगणात उघडतात. रब्बी म्हणाले, चेहरे दिसत असतील तर तिघांनाही धरा. सात आणि तीन, बरोबर दहा होत होते. मुंबईच्या मंडळींना नाही म्हणून कळवलं. एकजण रागावला आहे.

शुक्रवारी दुपारच्या फोनवर सातांतल्या एकाने सांगितलं की बायकोला सकाळपासून कणकण आहे. त्याला येऊ नकोस म्हटलं. तो खूप वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मग कद्दीश?" मी म्हटलं, पुढच्या वेळी. कुणीही त्याला दुसऱ्यांदा फोन केला नाही. हे कमिटीने आधीच एकमताने ठरवून ठेवलं होतं की दहावा कमी पडला तर कुणाच्याही दारात जायचं नाही.

काल सकाळी कुलूप काढलं. हॉलच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, पण बसलो अंगणात. खुर्च्या सहा-सहा फुटांवर, चुन्याने खुणा केल्या होत्या. सहा पुरुष, पाच बायका. खिडकीत दोघं भाऊ आणि आमच्या ओटीवर पप्पा, तल्लीथ पांघरून. नऊच होतो. सेफर काढलं नाही. तोल्दोतचा पराशा (तोरामधला त्या आठवड्याचा पाठ) छापील पुस्तकातून वाचला. आंधळ्या इझहाकने हात चाचपून मुलाला ओळखायचा प्रयत्न केला तो भाग आला तेव्हा मामेभाऊ रडायला लागला. त्याच्याजवळ जाऊन खांद्यावर हात ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं. पप्पांनी ओटीवरूनच दोन्ही हात पुढे केले, बोटं ओठांना लावली. मग खिडकीतल्या दोघांनी, मग आम्ही सगळ्यांनी जागच्या जागी.

त्या वहिनींची टेस्ट झाली आहे, रिपोर्ट उद्या येईल. तोपर्यंत त्यांच्या घरी जेवणाचा डबा दारात ठेवतो आहोत. पुढच्या शब्बाथसाठी शुक्रवारी पुन्हा नावं घेणार आहे.

शुक्रवारचा_दिवा, एक विचारायचं राहिलं. हनुकाला आमच्याकडे खोबरेल तेलाचे काचेचे दिवे असतात. ते अंगणात वाऱ्याने विझतात. तुम्ही बाहेर कसे लावता?

शुक्रवारचा_दिवा | २२ नोव्हेंबर, दुपार

जुन्या कंदिलाच्या काचा मिळतात का बघा, किंवा तीन बाजूंनी काच लावलेली लाकडी पेटी सुताराकडून करून घ्या. वरून उघडी ठेवा. आणि वहिनींचा रिपोर्ट आला की कळवा.