प्रतिसाद: आधी शाफ्ट की आधी ओढे?
अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या खाण-पुनर्वसन विभागाने सोडून दिलेल्या खाणींचे उघडे शाफ्ट (जमिनीत खोल गेलेल्या उभ्या विहिरी) बुजवून झाल्याशिवाय खाणींच्या पाण्याने बिघडलेल्या ओढ्यांवर खर्च करू नये, हे मत मला अर्धेच पटते. १९७७ च्या संघीय खाण कायद्याच्या प्राधान्यक्रमात जीविताचा धोका पहिल्या क्रमांकावर आणि निव्वळ पर्यावरणाची हानी तिसऱ्यावर आहे, हे खरे. पण ज्या ओढ्यातल्या दगडांवर लोहाचा नारिंगी लेप चढला आहे, तो रांगेत उभा राहून सुधारत नाही. २०२२ च्या स्ट्रीम कायद्याने राज्यांना खाण-पुनर्वसनासाठी मिळणाऱ्या २०२१ नंतरच्या वाढीव अनुदानातला ३० टक्क्यांपर्यंत भाग खाणींतून येणाऱ्या आम्लयुक्त पाण्यावरच्या उपायांसाठी राखून ठेवण्याची मुभा दिली, ती म्हणूनच. बुजवलेला शाफ्ट बहुधा पुन्हा पैसे मागत नाही. चुना घालून पाणी शुद्ध करणारे केंद्र मात्र वर्षानुवर्षे चालवावे लागते, आणि साचलेल्या गाळाचे काय करायचे हेही असतेच. तेव्हा केंद्र मंजूर करण्यापूर्वी विभागाने त्याच्या देखभालीचा निधी बाजूला काढावा.