चर्चा : सेनादले आणि मित्रराष्ट्रे यांच्या संदेशवहनासाठी एकच मानक सक्तीचे असावे का?

तरंगवेध (धागाकर्ता)

१९८३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सैन्य ग्रेनाडा बेटावर उतरले, तेव्हा भूदलाच्या तुकड्यांना किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या आपल्याच युद्धनौकांकडून तोफांचा मारा हवा होता. पण तो मागण्यासाठी त्या नौकांशी थेट बोलणेच त्यांना जमत नव्हते, कारण दोन्ही दलांनी आपापले संच, आपापल्या वारंवारिता आणि आपापल्या सांकेतिक किल्ल्या (ज्यांच्या साहाय्याने संदेश कूटात घालतात आणि उलगडतात) स्वतंत्रपणे ठरवल्या होत्या. पुढे १९९१ च्या आखाती युद्धात हवाई मोहिमांचा रोजचा आदेश, जो शेकडो पानांचा असे, नौदलाच्या विमानवाहू नौकांपर्यंत बिनतारी मार्गाने पोहोचत नव्हता, आणि तो विमानात घालून नौकेवर नेऊन द्यावा लागत असे. एकाच देशाची, एकाच सेनापतीच्या हाताखालची ही दोन दले होती. वेगवेगळ्या राष्ट्रांची फौज एकत्र आली की हीच अडचण कितीतरी पटींनी वाढते.

माझे म्हणणे असे आहे की सर्वांकडे एकाच बनावटीचे संच असण्याची मुळीच गरज नाही. मात्र हवेतून जाणाऱ्या संकेताचे रूप, त्या संकेतातील संदेशाची रचना आणि किल्ल्यांची देवाणघेवाण या तीन गोष्टी शांततेच्या काळातच समाईक ठरल्या पाहिजेत, आणि जो संच इतर दलांच्या संचांबरोबर प्रत्यक्ष चाचणीत बोलू शकत नाही तो कोणत्याही दलाने विकत घेऊ नये. खरेदी झाल्यावर सुसंगती शोधत बसण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

हे अशक्य नाही, याचा पुरावा लिंक १६ या लष्करी माहिती-जाळ्यात आहे. या जाळ्यात प्रत्येक सेकंदाचे १२८ भाग पाडलेले असतात, प्रत्येक सहभागीला त्यातील ठराविक भाग बोलण्यासाठी मिळतात, आणि संकेत ९६० ते १२१५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील ५१ वारंवारितांवर सतत उड्या मारत राहतो. त्यामुळे लढाऊ विमान, युद्धनौका आणि जमिनीवरचे क्षेपणास्त्र पथक यांना, त्यांचे संच वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले असले तरी, आकाशाचे एकच चित्र पाहता येते. हे घडले ते मानक आधी ठरले आणि संच नंतर बनले म्हणून.

पहारेकरी

धागाकर्त्यांची कळकळ समजते, पण समाईक मानकाची जी किंमत मोजावी लागते तिचा उल्लेखही त्यांनी केलेला नाही. सर्वांच्या दाराला एकच कुलूप लावले की एक किल्ली हरवताच सारी घरे उघडी पडतात.

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सेनादलांचे उदाहरण घ्या. तिन्ही दलांची सांकेतिक यंत्रे एनिग्माच्या एकाच घराण्यातली होती, आणि त्यामुळे एका दलाचे संदेश उलगडताना मिळालेले ज्ञान दुसऱ्या दलाविरुद्ध वापरता येत होते. हवाई दलाचे संदेश ब्रिटिशांना १९४० पासून मोठ्या प्रमाणावर वाचता येत होते. याउलट फेब्रुवारी १९४२ मध्ये अटलांटिकमधील पाणबुड्यांनी अक्षरे बदलणाऱ्या चार फिरत्या चक्रांचे वेगळे यंत्र वापरायला सुरुवात केली आणि ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेद केंद्रातील तज्ज्ञ जवळजवळ दहा महिने अंधारात चाचपडत राहिले. त्या काळात किती जहाजे बुडाली, हे इतिहास वाचणाऱ्यांना सांगायला नको. म्हणजे जे दल इतरांपासून वेगळे झाले, तेच सुरक्षित राहिले.

आणि ते दहा महिने कशामुळे संपले, हेही पाहा. किनाऱ्यावरच्या हवामान केंद्रांकडे जुनीच तीन चक्रांची यंत्रे होती, आणि त्यांना समजावे म्हणून पाणबुड्या हवामानाचे त्रोटक अहवाल पाठवताना चौथे चक्र एका ठरलेल्या जागी स्थिर ठेवत, ज्यामुळे नवे यंत्र जुन्यासारखेच वागत असे. ३० ऑक्टोबर १९४२ रोजी बुडत असलेल्या यू-५५९ या पाणबुडीतून हवामानाच्या संकेतांची पुस्तिका ब्रिटिश नौसैनिकांनी बाहेर काढली, आणि डिसेंबरमध्ये कोडे सुटले. जुन्या यंत्राशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेली फट हीच शत्रूची वाट ठरली. सुसंगतीचा आग्रह धरणाऱ्यांनी या फटीकडे आधी पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

तरंगवेध

पहारेकरी यांनी दिलेले उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, आणि त्याच उदाहरणातून मी उलटा निष्कर्ष काढतो.

पाणबुड्यांचे संदेश फुटले ते सर्वांकडे समान व्यवस्था होती म्हणून नव्हे, तर ती सर्वांकडे नव्हती म्हणून. हवामान केंद्रांनाही चार चक्रांची यंत्रे त्याच वेळी दिली असती, तर चौथे चक्र स्थिर ठेवण्याचे कारणच उरले नसते. जर्मन नौदलाची दुसरी खोड यापेक्षाही बोलकी आहे : ज्या छोट्या नौकांकडे एनिग्मा नव्हते त्यांच्यासाठी गोद्यांची एक हलकी सांकेतिक पद्धत होती, आणि पेरलेल्या सुरुंगांचा एकच इशारा दोन्ही पद्धतींतून पाठवला जात असे. ब्रिटिशांना तर हे इतके उपयोगी पडत होते की ठराविक ठिकाणी ते मुद्दाम सुरुंग पेरत, जेणेकरून तो इशारा निघावा, हलक्या पद्धतीतील मजकूर वाचता यावा आणि त्याच्या आधारे एनिग्मातील मजकुराचा अंदाज बांधता यावा.

संदेश एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जिथे उतरतो, तिथे तो सर्वांत दुबळा असतो. असे जितके सांधे आपण कमी करू तितके बरे, आणि सांधे कमी करण्याचा मार्ग समाईक मानकातूनच जातो. समाईक मानक म्हणजे समाईक किल्ली नव्हे, हेही स्पष्ट करतो. एकच वेव्हफॉर्म, म्हणजे हवेतून जाणाऱ्या संकेताचे एकच रूप, वापरणारी दोन जाळी वेगवेगळ्या किल्ल्यांवर चालू शकतात आणि गरज पडेल त्या दिवशीच एकत्र येऊ शकतात.

जोडकाम

सांधे कमी करावेत हे तत्त्व म्हणून मान्य आहे, पण ते कमी करायला निघालेल्यांचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. अमेरिकेने १९९७ मध्ये जॉइंट टॅक्टिकल रेडिओ सिस्टिम (जेटीआरएस) हा प्रकल्प हाती घेतला. एकाच घराण्यातील सॉफ्टवेअर रेडिओ (ज्यांचे वेव्हफॉर्म सॉफ्टवेअरने बदलता येते असे संच) सर्व दलांना द्यायचे आणि तीसहून अधिक वेव्हफॉर्म त्यांत बसवायचे, असा सुरुवातीचा बेत होता. प्रत्येक दलाने आपल्या अपेक्षा त्यात ओतल्या, संच जड झाला, तापू लागला, वीज खाऊ लागला, आणि वाहनांवर बसवायचा त्याचा प्रमुख प्रकार २०११ मध्ये रद्द करावा लागला. चौदा वर्षे गेली, आणि तेवढ्या काळात सैनिक जुनेच संच घेऊन लढत राहिले.

युद्धनौका तीस-चाळीस वर्षे सेवेत राहते, रणगाडाही तसाच. धागाकर्त्यांचा नियम उद्यापासून लागू केला तरी दोन पिढ्यांचे संच एकत्र नांदणारच आहेत, आणि म्हणून गेटवे टाळता येणार नाही. दोन्ही बाजूंची भाषा समजणारे एक यंत्र मध्ये उभे करा, त्याची काळजी घ्या आणि युद्ध लढा. परिपूर्ण मानकाची वाट पाहत बसलेल्या फौजेपेक्षा ओबडधोबड गेटवे असलेली फौज मला अधिक सज्ज वाटते.

तरंगवेध

गेटवे तात्पुरता उपाय म्हणून हवा, यावर आपले एकमत आहे. तो कायमचा मुक्कामी होतो, हे माझे दुःख आहे.

गेटवेमध्ये काय घडते ते जरा जवळून पाहू. एका बाजूचा संदेश दुसऱ्या बाजूच्या कूटात घालण्यापूर्वी त्याला उघडावे लागते, म्हणजे ते यंत्र असलेली पेटी, वाहन किंवा विमान यांत दोन्ही जाळ्यांचा उघडा मजकूर क्षणभर तरी असतो. शत्रूला यापेक्षा चांगले लक्ष्य कोणते मिळणार? शिवाय दोन संदेशरचनांमध्ये सगळे रकाने जुळत नाहीत. एका जाळ्यात विमानाच्या जागेबरोबर ती किती अचूक आहे हेही कळवले जाते आणि दुसऱ्यात त्यासाठी रकानाच नसतो. मग अंदाजे कळलेली जागा पलीकडे पक्की म्हणून पोहोचते. त्यात उशिराची भर पडली की एकच विमान पडद्यावर दोन ठिपक्यांच्या रूपाने दिसू लागते, आणि दुसरा ठिपका कोणाचा, हा प्रश्न क्षेपणास्त्र सोडणाऱ्याला काही सेकंदांत सोडवावा लागतो.

जेटीआरएसच्या अपयशाबद्दल मात्र मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. तिथे मानक समाईक करण्याऐवजी संचच समाईक करण्याचा अट्टहास झाला. मी सुरुवातीलाच संच वेगळे असू द्या असे म्हटले, ते हाच अनुभव समोर ठेवून.

कक्षातून

मी बरीच वर्षे संदेशवहन कक्षात काम केले आहे, आणि वरची चर्चा वाचताना मला सारखे वाटत होते की आपण तारांबद्दल बोलतो आहोत आणि माणसे विसरतो आहोत.

१४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकच्या आकाशात अमेरिकी हवाई दलाच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकी भूदलाचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली आणि त्यांतील सर्व २६ जण मरण पावले. विमानांतील आणि हेलिकॉप्टरांतील वारंवारिता बदलत जाणारे रेडिओ एकमेकांशी जुळत नव्हते, हे खरे आहे. पण तेवढेच खरे नाही. निषिद्ध उड्डाणक्षेत्रात शिरल्यावर ओळखीचा वेगळा संकेत लावायचा असतो, हे हेलिकॉप्टरांच्या वैमानिकांपर्यंत पोहोचलेच नव्हते. ते बाहेरच्या क्षेत्राचाच संकेत देत राहिले आणि बाहेरच्या क्षेत्राच्याच वारंवारितेवर बोलत राहिले. देखरेख करणारे अवॅक्स विमान दोघांशीही संपर्कात होते, तरीही एकाची गोष्ट दुसऱ्याला कळली नाही. त्या दिवशी जगातले सर्वोत्तम वेव्हफॉर्म त्या हेलिकॉप्टरांत असते, तरी ज्या वारंवारितेवर कोणी ऐकतच नाही तिथे ते काय करणार होते?

मी ज्या सरावांत बसलो त्यांत दुवा जुळला नाही असे प्रसंग अनेकदा आले, आणि त्यांतल्या बहुतेक वेळी दोन्ही संच ठणठणीत होते. एका बाजूने कालची किल्ली भरलेली असे, किंवा घड्याळ काही सेकंद मागे असे, किंवा वारंवारितांची यादी बदलल्याचे पत्र भलत्याच मेजावर पडून असे. वारंवारितेवर उड्या मारणाऱ्या जाळ्यात घड्याळ चुकले की संच चुकीच्या क्षणी चुकीच्या ठिकाणी उडी मारतो आणि त्याला फक्त शांतता ऐकू येते. ती शांतता मी ऐकली आहे. पलीकडे कोणी संकटात आहे की नुसते घड्याळ चुकले आहे, हे तिच्यावरून कळत नाही.

आजवरची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत यशस्वी सुसंगती कोणती, असे मला विचाराल तर मी अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरमाला सांगेन. इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना खरखरीतही ओळखू येतील असे शब्द पारखून ती तयार झाली आणि १९५६ मध्ये लागू झाली; तिला ना वीज लागते ना परवाना, आणि आजही ती अनेक देशांच्या फौजांत चालते. आधी कार्यपद्धती आणि शब्द एक करा, वेव्हफॉर्म नंतर.

पहारेकरी

कक्षातून यांच्या प्रतिसादाने चर्चा योग्य जागी आणली, पण किल्ल्यांचा प्रश्न कार्यपद्धतीपुरता नाही. लिंक १६ चे सांकेतिकीकरण अमेरिकेच्या नियंत्रणाखाली आहे. जे मित्रराष्ट्र ते वापरते, त्याच्या विमानांचे आपसांतले बोलणेही दुसऱ्या राजधानीच्या संमतीवर उभे असते. आज मैत्री आहे, उद्याचे कोण सांगणार? काही युरोपीय देशांनी ईसॉर हा कार्यक्रम उभारून स्वतःचे समाईक वेव्हफॉर्म विकसित केले, त्यामागे हीच चिंता आहे. सुसंगती हवीच, पण जिच्यामुळे आपले सैन्य स्वतःच्या इच्छेने बोलूही शकत नाही अशी सुसंगती मी स्वीकारणार नाही.

तरंगवेध

पहारेकरी, हा मुद्दा मी मान्य करतो, आणि माझ्या मूळ मांडणीत तो नव्हता ही उणीवच होती. किल्ल्यांची देवाणघेवाण समाईक असावी असे मी लिहिले, पण किल्ल्या तयार करण्याचा अधिकार कोणाकडे असावा यावर गप्प राहिलो. प्रत्येक राष्ट्राने आपल्या अंतर्गत जाळ्याच्या किल्ल्या स्वतः तयार कराव्यात आणि केवळ संयुक्त मोहिमेच्या जाळ्यासाठी वेगळ्या किल्ल्या एकत्र ठरवाव्यात, अशी दुरुस्ती मी माझ्या प्रस्तावात करतो.

याचे एक जिवंत रूप अफगाणिस्तानात दिसले. तिथे प्रत्येक राष्ट्र आपापले गुप्त जाळे घेऊन आले होते आणि शेजारच्या छावणीतील मित्राला माहिती देणे अवघड होऊन बसले होते. २०१० मध्ये अफगाण मिशन नेटवर्क उभे राहिले, तेव्हा राष्ट्रांनी आपली अंतर्गत जाळी मोडली नाहीत, तर मोहिमेसाठी गुप्ततेचा एक समाईक स्तर मान्य करून आपापले भाग त्याला जोडले. त्याच अनुभवातून नाटोची फेडरेटेड मिशन नेटवर्किंग ही चौकट आली. पोलंडमधील बिडगोश्च येथे दरवर्षी सीडब्ल्यूआयएक्स हा सराव होतो आणि वेगवेगळ्या राष्ट्रांच्या यंत्रणा तिथे एकमेकींना जोडून पाहिल्या जातात.

कक्षातून यांना मात्र एक विचारावेसे वाटते. घड्याळ, किल्ली आणि यादी यांच्या चुका तुम्ही वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. खरेदीपूर्व चाचणीत अभियंत्यांऐवजी रात्रपाळी करून थकलेले सामान्य चालक बसवले, त्यांच्या हाती मुद्दाम कालची किल्ली दिली, आणि ती चूक संचाने स्वतः ओळखून चालकाला सांगावी अशी अट घातली, तर त्या शांततेपैकी किती भाग कमी होईल, असे तुम्हाला वाटते?

कक्षातून

किल्लीची आणि घड्याळाची शांतता बरीच कमी होईल, आणि ही अट मी आनंदाने उचलून धरेन. भलत्या मेजावर पडलेले पत्र मात्र कोणताही संच ओळखणार नाही. त्यासाठी दोन्ही दलांचा एकेक माणूस एकाच खोलीत बसवावा लागेल, आणि तो माणूस द्यायला दले संच द्यायलाही होत नाहीत इतकी नाखूष असतात.